अँटिकिथेराची चाकं माणसानेच कापली

माझ्या मामांनी ४२ वर्षं घड्याळं दुरुस्त केली. सांगलीतलं लहानसं दुकान, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. गेल्या रविवारी सकाळी त्यांनी मला एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "वाच. हे माणसाचं काम नाही."

तोच मेसेज त्याआधी तिघांकडून आला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचताच पुसून टाकला होता. पण ज्या माणसाने आयुष्यभर दात्यांची चाकं हाताळली, त्यानेच चाकांबद्दल असं म्हणावं? आता गप्प बसवत नाही.

मेसेजमध्ये म्हटलंय ते असं: ग्रीसजवळ अँटिकिथेरा बेटापाशी समुद्रात २००० वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर सापडला. तो गंज न लागणाऱ्या धातूचा आहे. ग्रहणं सेकंदापर्यंत अचूक सांगतो. त्याच्या आधी असं काही नव्हतं आणि नंतर १५०० वर्षं नव्हतं, म्हणजे तो माणसाने बनवलेला नाही. परग्रहवासीयांनी तरी दिला, नाहीतर सिकंदराने आपल्याकडून पळवलेल्या वैदिक ज्ञानातून तरी बनला. शास्त्रज्ञांना तो आजही कळलेला नाही, म्हणून लपवून ठेवलाय.

परग्रहवासी आणि वैदिक ज्ञान, दोन्ही एकाच वाक्यात. लिहिणाऱ्याला दोन्हींपैकी काहीही चालतं. फक्त ज्यांनी ते बनवलं त्यांचं नाव नको.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. गंज न लागणारा धातू? ते यंत्र तांबं आणि थोडं कथील मिसळून केलेल्या ब्राँझचं आहे आणि समुद्राने ते इतकं खाल्लंय की हातात आले ते हिरवट दगडासारखे गोळे. एकूण ८२ तुकडे आहेत. त्यांत मिळून ३० चाकं उरलीत, त्यांतली २७ एकाच मोठ्या तुकड्यात. फोटो कुठलाही बघा, गंज दिसतो. लपवून ठेवलंय? अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात तिकीट काढून कुणीही बघू शकतो. यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

ते सापडलं कसं, हे मात्र सांगायला हवं, कारण मेसेजमध्ये ते 'अचानक प्रकट' होतं. १९०० साली सिमी बेटावरचे स्पंज काढणारे पाणबुडे वादळामुळे अँटिकिथेरा या क्रीटच्या वायव्येकडच्या बेटाच्या आडोशाला थांबले. एलियास स्टाडियाटिस नावाचा पाणबुड्या खाली गेला आणि घाबरून वर आला. तळाशी माणसांचा आणि घोड्यांचा खच पडलाय, असं सांगू लागला. ते बुडालेल्या जहाजातले पुतळे होते. पुढचे कित्येक महिने, १९०१ पर्यंत, ग्रीक नौदलाच्या मदतीने ते वर काढले गेले. सुमारे ५० मीटर खोलीवर, त्या काळच्या जड पोशाखात. त्या कामात एक पाणबुड्या मेला आणि दोघे कायमचे पंगू झाले. मग १९०२ साली संग्रहालयात व्हालेरिओस स्टाइस यांना एका फुटलेल्या गोळ्यात दात्यांचं चाक दिसलं. यात कुठेही आकाशातून काही उतरलेलं नाही. जीव धोक्यात घालणारी माणसं आहेत.

आता "शास्त्रज्ञांना कळलेलं नाही" याकडे. जर्मन विद्वान आल्बर्ट रेम यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे खगोलाचं गणित करणारं यंत्र असल्याचं ओळखलं होतं. डेरेक दे सोला प्राइस यांनी १९५९ साली त्यावर लिहिलं आणि पुढे हारालाम्बोस काराकालोस यांच्या मदतीने क्ष-किरण चित्रं काढून १९७४ मध्ये सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. मायकेल राइट यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी प्रतिकृती घडवत त्यातल्या चुका दुरुस्त केल्या. मग २००५ साली सुमारे ८ टन वजनाचं सीटी स्कॅन यंत्र इंग्लंडहून अथेन्सला नेलं गेलं. तुकडे नाजूक असल्यामुळे यंत्रच संग्रहालयात आणावं लागलं. त्यातून जे दिसलं ते २००६ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. माझा सगळा भार या स्कॅनवर आहे, आणि तो पेलायला ते समर्थ आहे, कारण त्याने चाकांच्या आतले दाते मोजता आले आणि गंजाच्या थराखाली लपलेली अक्षरं वाचता आली.

हो, अक्षरं. यंत्रावर लिहिलेलं आहे. आतापर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास अक्षरं वाचली गेलीत आणि ती सगळी ग्रीक आहेत. कुठला काटा काय दाखवतो, याची माहिती यंत्राच्याच पत्र्यावर कोरलेली आहे. मागच्या बाजूच्या सर्पिल तबकडीवर महिन्यांची नावं आहेत: फिनिकायॉस, क्रानेयॉस, लानोत्रोपियॉस. ही अथेन्सची नावंही नाहीत. कॉरिंथ आणि तिथून जाऊन वसलेल्या वसाहतींच्या पंचांगातली आहेत. शेजारी एक छोटी तबकडी आहे, तिच्यावर चार वर्षांच्या चक्रातले क्रीडामहोत्सव: ऑलिंपिया, नेमिया, इस्थमिया, पिथिया, आणि डोडोनाचा नाआ. परग्रहावरच्या माणसांना डोडोनाच्या गावजत्रेची तारीख कशाला लागेल? ज्याला लागत होती, त्याने कोरली.

आणि ते 'सेकंदापर्यंत अचूक'. ग्रहणांची तबकडी २२३ चांद्रमासांची आहे. तेवढ्या काळाने, म्हणजे १८ वर्षं ११ दिवस आणि साधारण ८ तासांनी, ग्रहणांचा क्रम पुन्हा येतो. हे चक्र ग्रीकांना बाबिलोनच्या नोंदींतून मिळालं. पण ते वरचे ८ तास अडचणीचे: दर चक्राला ग्रहण ८ तास पुढे सरकतं. म्हणून कारागिराने आत आणखी एक छोटी तबकडी बसवली, तीन भागांची. पहिल्या भागात काही मिळवायचं नाही, दुसऱ्यात ८ तास, तिसऱ्यात १६. हिशेबात काय उरतं, याची त्याला जाणीव होती आणि ते उरलेलं त्याने वापरणाऱ्यासमोर मांडून ठेवलं. सेकंदाचा तिथे प्रश्नच नाही, ग्रहणाची वेळ तासांत दिलेली आहे. पुढच्या बाजूला ग्रहांचे काटेही असावेत, असं अभ्यासक मानतात. त्यांची चाकं जवळजवळ सगळी गेलीत. पुनर्रचनेच्या हिशेबाने त्यांतला मंगळाचा काटा काही वेळा ३८ अंशांपर्यंत चुकला असता.

आता मला राग आणणारा मुद्दा. माणसाला जमलं नसतं.

मामा, कागद घ्या. चंद्र १९ वर्षांत आकाशात २५४ फेऱ्या मारतो. म्हणजे वर्षाचं चाक एकदा फिरलं की चंद्राचा काटा २५४ भागिले १९ इतक्या वेळा फिरायला हवा. यंत्रात ६४ दात्यांचं चाक ३८ दात्यांच्या चाकाला फिरवतं. त्याच आसावरचं ४८ दात्यांचं चाक २४ दात्यांच्या चाकाला फिरवतं. त्या आसावरचं १२७ दात्यांचं चाक ३२ च्या चाकाला. गुणाकार करून बघा. ६४ भागिले ३८, गुणिले ४८ भागिले २४, गुणिले १२७ भागिले ३२. उत्तर १३.३६८ येतं. २५४ भागिले १९ करा, तेही १३.३६८. ३८ म्हणजे १९ च्या दुप्पट, १२७ म्हणजे २५४ च्या निम्मे. हे तुम्हाला मी समजावून सांगावं असं त्यात काही नाही. घड्याळाचा तासकाटा आणि मिनिटकाटा याच युक्तीवर चालतात.

पण याच्या पुढचं बघा. चंद्र सारख्या वेगाने चालत नाही, कधी जलद, कधी मंद. सारख्या दात्यांची गोल चाकं तर सारख्याच वेगाने फिरतात. मग करायचं काय? कारागिराने ५० दात्यांची दोन चाकं एकावर एक ठेवली, पण दोघांचे आस एकमेकांपासून साधारण एक मिलिमीटर सरकवले. खालच्या चाकावर एक खुंटी, वरच्या चाकात एक खाच. खुंटी खाचेत अडकून वरच्या चाकाला ओढत नेते, आणि आस सरकलेले असल्यामुळे ते चाक कधी थोडं पुढे, कधी थोडं मागे राहतं. काट्याला चंद्राची खरी चाल येते. हिप्पार्कस या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाने इ. स. पू. दुसऱ्या शतकात चंद्राच्या या चालीचं गणित मांडलं होतं, तेच इथे एक खुंटी आणि एक खाच होऊन बसलंय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोपलो नव्हतो. आणि असं काही करून दाखवणाऱ्या माणसाला मेसेज लिहिणारा एका ओळीत पुसून टाकतो.

चाकांचे दाते त्रिकोणी आहेत आणि त्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं नाही. हाताने आखून, हाताने कापून, कानशीने घासल्यावर जसं होतं, तसंच.

"आधी काही नव्हतं, नंतर १५०० वर्षं काही नव्हतं." इथे एक गोष्ट मला मान्य करावी लागते, आणि ती करायला मी फारसा उत्सुक नाही. इतकं गुंतागुंतीचं दुसरं यंत्र त्या काळातलं हाती आलेलं नाही, हे खरं आहे. युरोपात त्या तोडीची खगोलघड्याळं चौदाव्या शतकात दिसतात, हेही खरं. आणि 'कॉम्प्युटर' हा शब्दही मेसेजवाल्याने काढलेला नाही, प्राइस यांनीच १९५९ च्या लेखाला तो दिला होता.

पण 'उरलं नाही' आणि 'नव्हतं' यांत फरक आहे. आमच्या आजीचं तांब्याचं घंगाळ आज घरात नाही. ते मोडीत गेलं आणि त्याच्या पैशांत कुकर आला. तांब्या-पितळेचं असंच होतं, ब्राँझचंही. प्राचीन ग्रीसमधले ब्राँझचे मोठे पुतळे जे उरलेत, त्यांतले कितीतरी समुद्रातून आलेत, कारण बुडालेल्या मालाला मोडवाला गाठू शकत नाही. हे यंत्रही बुडालं म्हणूनच वाचलं. १९७६ मध्ये फ्रेंच सागरसंशोधक जॅक कूस्तो यांच्या पथकाला त्या जहाजाच्या जागी पर्गामॉन आणि एफिसस या प्राचीन शहरांची नाणी मिळाली. त्यावरून जहाज इ. स. पू. ७० ते ६० च्या सुमारास बुडालं असं धरतात. ते बुडालं नसतं तर यंत्राची बहुधा कुणीतरी भांडी केली असती.

शिवाय लिखित पुरावा आहे. रोमन वक्ता सिसेरो इ. स. पू. पहिल्या शतकात लिहितो की इ. स. पू. २१२ साली सिराक्यूज शहर पडल्यावर सेनापती मार्सेलसने आर्किमिडीजने केलेलं असं एक यंत्र रोमला नेलं. दुसऱ्या ठिकाणी तो ऱ्होड्सच्या पोसिडोनियसने नुकत्याच केलेल्या यंत्राचा उल्लेख करतो आणि एका पात्राच्या तोंडून विचारतो: हे यंत्र ब्रिटनमध्ये किंवा सिथियात नेलं, तरी ते बुद्धीनेच घडवलंय याबद्दल तिथल्या रानटी लोकांनाही शंका येईल का? सिसेरोला वाटलं होतं, येणार नाही.

नंतरचंही सांगतो. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये बायझंटाइन काळातलं दात्यांच्या चाकांचं छायायंत्र आहे, पाचव्या-सहाव्या शतकातलं. अल बिरुनीने इ. स. १००० च्या सुमारास चंद्र-सूर्याच्या चाली दाखवणाऱ्या दात्यांच्या चाकांच्या पेटीचं वर्णन केलंय. ऑक्सफर्डला इस्फहानचं तेराव्या शतकातलं ॲस्ट्रोलेब, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र आहे, त्याच्या पाठीत चाकं बसवलेली आहेत. साधी आहेत, पण साखळी तुटलेली नाही.

राहिलं वैदिक ज्ञान. सिकंदराने काय नेलं याचा पुरावा मेसेजमध्ये नाही, असूही शकत नाही. उलट्या दिशेचा पुरावा मात्र आपल्याच घरात आहे. पत्रिकेतलं 'केंद्र' हा ग्रीक 'केंत्रॉन', 'जामित्र' हा ग्रीक 'दियामेत्रॉन'. ज्या १९ वर्षांच्या चक्रावर हे यंत्र चालतं, तेच चक्र वराहमिहिराने सहाव्या शतकात सांगितलेल्या रोमक सिद्धांतात आहे, नावातच रोम. आणि त्याच वराहमिहिराने बृहत्संहितेत लिहून ठेवलंय की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलेलं आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो. त्याने ऋण मोकळेपणाने मान्य केलं आणि त्यामुळे तो लहान झाला नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४५ च्या सुमाराच्या उत्खननात पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती निघाली, ती तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. समुद्रापलीकडून वस्तू आपल्याकडे येत होत्या, आपल्या वस्तू तिकडे जात होत्या. यात चोरी शोधायची गरज नाही.

हे सगळं मी मामांना पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला. गुणाकार त्यांनी केला होता, बरोबर आला. पण त्यांची तक्रार वेगळी होती.

"दाते त्रिकोणी म्हणालास ना? आणि अंतरही सारखं नाही? मग ते चाक अडकणार. सुरळीत फिरणार नाही, मधेच धरणार. ह्याने ते चालवलं कसं?"

हाच वाद अभ्यासकांमध्ये आजही चालू आहे. मी तसं सांगितलं. मामांनी मोठ्या चाकाचा व्यास विचारला, आणि चाकांचा पत्रा किती जाडीचा होता तेही.