आंबवलेली मिरची म्हणजे सडलेली मिरची नव्हे

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. माझ्याकडे तो चार वेळा आला. त्यातल्या एका वेळी तो माझ्या मावशीने पाठवला आणि खाली लिहिले, ‘तुझ्या त्या बरण्या आजच फेकून दे.’ संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: घरी आंबवलेला मिरचीचा सॉस म्हणजे सडलेली मिरची, व्हिनेगरशिवाय ती टिकूच शकत नाही, वर पांढरा थर आला की सगळे विष झाले, लसूण घातला तर बोटुलिझम ही जीवघेणी विषबाधा ठरलेली, आयोडीनच्या मिठात मिरची आंबत नाही, इंदूरच्या उन्हाळ्यात तर हा प्रकार अशक्य, शिवाय आंबवल्याने तिखटपणा निम्मा होतो. शेवटी सल्ला आहे की करायचाच असेल, तर बरणीचे झाकण गच्च लावून ती आठ दिवस कडक उन्हात ठेवावी. सहा वर्षे मी हा सॉस करते आहे, म्हणून या मुद्द्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सडणे आणि आंबणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. मिरचीच्या सालीवर मुळातच असलेले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मिठाच्या पाण्यात तग धरतात, मिरचीतली साखर खातात आणि आम्ल बनवतात; कुजवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना मीठ आणि आम्ल ही जोडी सोसत नाही. इडलीचे पीठ फुगवणारे ल्युकोनोस्टॉक जिवाणू याच गोत्रातले. होळीच्या सुमारास आपण गाजराची कांजी घालतो, तिला व्हिनेगरचा थेंबही लागत नाही आणि चार दिवसांत ती आंबट होते, हे इंदुरात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ज्या टबॅस्कोची बाटली आपण दुकानात पाहतो, तिची मिरचीसुद्धा मिठासह वाटून अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातील एव्हरी बेटावर ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवतात आणि व्हिनेगर त्यानंतर घालतात.

बोटुलिझमचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही, कारण त्यात सत्याचा अंश आहे आणि तो चुकीच्या जागी लावलेला आहे. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, त्यामुळे लसणाच्या पाकळीवरही असू शकतात, आणि हवा नसलेल्या, आम्ल नसलेल्या जागी ते वाढून जीवघेणे विष तयार करतात. कच्चा लसूण तेलात बुडवून दिवसचे दिवस बाहेर ठेवणे खरोखर धोक्याचे आहे, ते याच कारणाने. तेलात ना आम्ल असते ना हवा. पण पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) ४.६ च्या खाली गेला की हा जिवाणू वाढू शकत नाही, आणि नीट आंबलेल्या मिरचीचा पीएच सहसा ३.५ ते ४ च्या दरम्यान येतो. इथे आंबवणाऱ्यांचाही एक गैरसमज दूर करायला हवा. ‘मीठ आहे ना, मग काळजी नाही’ असे पुष्कळजण म्हणतात, परंतु या जिवाणूच्या चिवट जाती थोपवायला केवळ मिठावर विसंबायचे तर ते १० टक्क्यांच्या आसपास लागते, आणि आपण घालतो जेमतेम ३ टक्के. ते मीठ लॅक्टिक जिवाणूंना आघाडी मिळवून देते. खरी राखण आम्लच करते. म्हणून मीठ मुठीने किंवा चमच्याने घालू नये. खड्याचे आणि बारीक मीठ एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाचे भरते. काट्यावर मोजावे: ५०० ग्रॅम मिरची-लसूण आणि ५०० ग्रॅम पाणी असेल, तर दोन्हींच्या एकत्र वजनावर ३ टक्के, म्हणजे ३० ग्रॅम. आणि आंबलेली मिरची सॉससाठी वाटण्याआधी पीएचची पट्टी बुडवून पाहावी. पीएच ४ च्या वर असलेल्या बरणीतली मिरची मी वाटत नाही, आणखी दोन-तीन दिवस थांबते.

पांढऱ्या थराबद्दल संदेश अर्धवट बोलतो. खाराच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या, पृष्ठभागावर येणारी सपाट, मंद पांढरी, सुरकुतलेली साय ही बहुधा यीस्टची असते. ती अपायकारक नाही, पण चव बिघडवते, म्हणून काढून टाकावी. केसाळ, उंचावलेली किंवा निळी, हिरवी, काळी वाढ दिसली तर ती बुरशी, आणि तेव्हा वरची वाढ काढून उरलेले वापरावे असे काही जण सांगतात ते मला मान्य नाही. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल जातात, त्यामुळे अख्खी बरणी टाकावी. दोन्ही टाळायचे असेल तर मिरची खाराच्या खाली दाबून ठेवणे हाच उपाय. मी वर काचेची छोटी वाटी पालथी ठेवते.

आयोडीनचे म्हणणे टिकणारे नाही. मिठातच ते दहा लाखांत काही दशक भाग असते आणि ३ टक्के खारात आणखी तीसेक पटीने विरळ होते. तिखटपणाचेही तसेच: मिरचीला तिखट करणारे कॅप्सेसिन आंबण्याने फारसे मोडत नाही, पुढे गाजर किंवा व्हिनेगर मिसळल्याने तिखट सौम्य लागते.

उन्हाळ्याची अडचण खरी आहे, अशक्यता खरी नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा मिरची दोन आठवड्यांऐवजी चार-पाच दिवसांत आंबते आणि चव उग्र येते. मी तेव्हा मीठ ३.५ टक्के करते आणि बरणी माठाच्या शेजारी ठेवते, कारण घरातला तो कोपरा सर्वांत गार असतो. उत्तम हंगाम मात्र हिवाळ्याचाच, जेव्हा निमाडातून, खरगोनच्या बाजूने, ताजी लाल मिरची मंडीत येते. वाळलेली मिरची एकटी आंबवू नये, तिच्यात जिवंत जिवाणू कमी उरतात. सोबत थोडी ताजी मिरची घालावी.

राहिला तो शेवटचा सल्ला, आणि सगळ्या संदेशात हाच प्रत्यक्ष इजा करू शकणारा आहे. उन्हात ठेवायचे ते लिंबाचे लोणचे, ज्यात मीठ कितीतरी जास्त आणि आंबटपणा सुरुवातीपासूनचा असतो. मिरची आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, उन्हाने तो वेगाने सुटतो, आणि गच्च झाकणाखाली त्याला वाट नसते. पहिल्याच वर्षी मी अशी एक बरणी गॅलरीत ठेवली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती फुटली आणि काचेचे तुकडे समोरच्या भिंतीपर्यंत उडाले. शेजारची लहान मुलगी रोज तिथेच खेळायची, त्या दिवशी सुदैवाने ती घरात झोपली होती. तेव्हापासून झाकण सैल, किंवा तोंडावर दादरा (बांधलेले फडके), आणि बरणी सावलीत, खाली ताटली ठेवून.