चाळिशी लागली म्हणून लेन्स सोडायची गरज नाही

‘चाळिशी लागली की डोळे कोरडे पडतात, कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या बंद, मग फक्त चष्मा,’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

वयानुसार डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होतं, म्हणून औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला हात लांब धरावा लागतो. यासाठी मल्टिफोकल लेन्स मिळतात. त्यांत बहुधा लांबचा आणि जवळचा नंबर वर्तुळांसारखा एकात एक बसवलेला असतो; दोन्ही प्रतिमा एकदमच डोळ्यात शिरतात आणि हवी ती मेंदू निवडतो. सवय व्हायला वेळ लागतो, मंद उजेडात अक्षरं जरा फिकी वाटतात. दुसरा मार्ग मोनोव्हिजनचा: एका डोळ्याला लांबचा नंबर, दुसऱ्याला जवळचा. यात अंतराचा अंदाज थोडा कमी होतो, त्यामुळे रात्री गाडी चालवणाऱ्यांनी आधी ट्रायल लेन्स घालून बघावंच. लांबची लेन्स तशीच ठेवून वर वाचायचा चष्मा लावला तरी चालतं.

कोरडेपणाचा मुद्दा मात्र खरा आहे, विशेषतः रजोनिवृत्तीच्या सुमारास. पण त्यावर उपचार आहेत. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्याच वेळी काचबिंदूसाठी डोळ्यांचा दाबही तपासून घ्या.