आधी पाणी, मग पुतळा

नवी मुंबईत नेरूळला राहणारी माझी मावसभावंडं चौकाचौकांतल्या फ्लेमिंगोंच्या पुतळ्यांवरून हिरिरीने भांडतात. एक म्हणतो, शहराला ओळख मिळाली. दुसरीला त्यावर झालेला खर्च खुपतो. मी कोलोरॅडोत बसून हे वाचते तेव्हा वाटतं, यातून पक्ष्याला काय मिळालं, हे कुणीच कसं विचारत नाही? २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) शाळेजवळच्या, त्याच नावाच्या तलावापाशी फ्लेमिंगो मेले. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्या आहेत, असं पर्यावरण कार्यकर्ते जीव तोडून सांगत होते. शहर मात्र 'फ्लेमिंगो सिटी' म्हणून मिरवत होतं. हे मला फार लागलं.

इकडे अमेरिकेच्या पश्चिमेत लिन हल या शिल्पकर्तीने वेगळी वाट धरली. वायोमिंगच्या उघड्या माळावर झाडं विरळ. गरुड, ससाणे विजेच्या खांबांवर बसतात आणि शॉक लागून मरतात. तिने त्यांच्यासाठी लाकडाचे उंच मचाण उभारले. शिल्पाचं शिल्प आणि पक्ष्याला निर्धोक बसायची जागा. कोरड्या प्रदेशातल्या खडकांवर तिने नक्षीदार खळगे कोरले. पावसाचं, वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यांत साठतं आणि लहानसहान जीव ते पितात. कुठे काय हवं, हे ठरवताना तिने वन्यजीव अभ्यासकांना सोबत घेतलं. मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

पण इकडे सगळं आलबेल आहे, असं मुळीच नाही. कोलोरॅडोतल्याच ब्रेकनरिजमध्ये २०१८ साली थॉमस डॅम्बो या डॅनिश कलाकाराने टाकाऊ लाकडातून पंधरा फुटी राक्षस उभा केला. देखणा होता, पण बघ्यांची इतकी झुंबड उडाली की रहिवासी वैतागले आणि काही महिन्यांत तो काढावा लागला. पुढच्या वर्षी त्याला दुसरीकडे जागा मिळाली. नैसर्गिक साहित्य वापरलं की झालं, असं नसतं. माणसांची गर्दी कुठे जिरवायची, याचाही विचार आधीच लागतो.

म्हणून परदेशी कलाकार बोलवा, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे बुरूड आहेत, कारवीच्या काठ्यांचे कूड घालून शेणमातीने लिंपणारे हात आहेत. डीपीएस तलावाच्या काठावर बांबू-कारवीचा सुंदर आडोसा उभारावा, त्याला झरोके ठेवावेत. पक्षी न बुजता शाळेच्या पोरांना ते जवळून बघता येतील. दोन-तीन पावसाळ्यांत तो कुजेल, कुजू दे. पुन्हा विणायचं काम त्याच कारागिरांना मिळेल. फायबरच्या पुतळ्याचा रंग उडाला की त्याचा नुसता कचरा होतो.

२०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. आता सुशोभीकरणाची निविदा निघेल तेव्हा तिच्या समितीवर एक पक्षी अभ्यासक आणि एक बुरूड कारागीर हवाच. आणि भरतीचं पाणी तलावात नीट खेळतंय, हे तपासल्याशिवाय एका पैशाचंही बिल निघता कामा नये. भावंडांनो, भांडायचंच असेल तर यासाठी भांडा. पत्र लिहा, मीही सही करते.