चौथीचं गणित

गांधीजी आणि बाबासाहेब यांच्या वादातून झालेल्या पुणे करारावरच्या माझ्या लेखाखाली 'जुना वाचक' या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. त्यातलं एक वाक्य असं: "निवाड्यात ७१ जागा होत्या, करारात १४८ झाल्या; एवढं चौथीचं गणितही लेखकाला येऊ नये?" निवाडा म्हणजे ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांचा १९३२ चा जातीय निवाडा, आणि जागा म्हणजे प्रांतिक विधिमंडळांतल्या अस्पृश्यांसाठीच्या. पुढे अस्पृश्यांचे नेते एम. सी. राजा आणि क्रिकेटपटू पी. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या, म्हणजे सगळ्यांनी एकत्र मत देण्याच्या, बाजूनं होते, आणि बाबासाहेबांनी स्वतः सही केली, याचीही आठवण करून दिली आहे.

आधी चूक कबूल. करार २४ सप्टेंबर १९३२ चा. मी २० लिहिली, ती स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींचं येरवडा तुरुंगात उपोषण सुरू झाल्याची तारीख. दुरुस्त केली आहे. आभार.

आता चौथीचं गणित. साहेब, तुमची माझी ओळख ना पाळख, मग हा सूर कशापायी? तीस वर्षं मी लोकांच्या हिशेबाच्या वह्या तपासल्या. बेरीज चोख आणि व्यवहार खोटा, अशा ढिगानं पाहिल्या.

मॅक्डोनाल्डच्या निवाड्यात अस्पृश्य मतदाराला दोन मतं होती. एक स्वतंत्र मतदारसंघात, आपला माणूस आपणच निवडायला. दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात. त्या मतासाठी सवर्ण उमेदवाराला त्याच्या दारात यावंच लागलं असतं. करारानं स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि दुहेरी मताचा हक्कही. एका जागेसाठी चार उमेदवार अस्पृश्यांनी निवडायचे आणि त्यातला एक सगळ्यांनी मिळून ठरवायचा. म्हणजे आपल्या माणसांत पहिला आलेला पडणार, चौथा आलेला निवडून येणार, असंही होऊ शकतं. १४८ मोजताना हा चौथा कुठे धरलात?

हे मला पुस्तकांनी शिकवलेलं नाही. माझे वडील राखीव जागेवर ग्रामपंचायतीत होते. ठरावाच्या आदल्या रात्री धुतलेली टोपी घालून एका वाड्यावर जायचे आणि पायरीखाली उभे राहायचे. कंदील माझ्या हातात. उद्या हात कधी वर करायचा, तो निरोप आतून यायचा. पंचायतीच्या वहीत मात्र आमचा एक सदस्य होता. बेरीज चोख!

राजा आणि बाळू यांची मतं त्यांच्यापाशी. राहिली सही. येरवड्यात गांधीजींचा जीव टांगणीला लागलेला असताना केलेल्या सहीला राजीखुशीची म्हणायला तुमची जीभ रेटत असेल, माझी रेटत नाही.

आणि पुढच्या वेळी शाळा काढायचीच असेल, तर स्वतःच्या नावानं काढा.