एलईडी थंड, एसी चोवीसवर, आर्द्रता साठ : एका लाडक्या सल्ल्याची उलटतपासणी

बंद खोलीत दिव्यांखाली रोपं वाढवायला घेतली की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी हा सल्ला पाठवतं: ‘एलईडी दिवे गरम होत नाहीत, उष्णतेची काळजी सोडा. एसी २४ वर ठेवा, तो आर्द्रताही खेचतो. आर्द्रता ६० टक्क्यांवर धरली की बुरशी येत नाही. उकडलंच तर पंखा वाढवा, नाहीतर कूलर आणा. दिवे बंद झाले की बाकीचं सगळंही बंद करा, झाडंसुद्धा झोपतात.’

वाचायला सुटसुटीत आहे. मीही सुरुवातीला हेच केलं होतं आणि लेट्यूसचे दोन वाफे घालवले.

एलईडीचं आधी उरकतो. दिवा कुठलाही असो, ६०० वॅट वीज खोलीत घेतली की ६०० वॅट उष्णता खोलीतच पडते. काही थेट दिव्याच्या अंगातून, काही उजेड पानांवर, भिंतींवर, फरशीवर पडून. पानं साखर करण्यासाठी त्यातला अगदी किरकोळ भाग साठवतात. एलईडीचा फायदा खरा आहे, पण तो वेगळा: तेवढाच उजेड कमी वॅटमध्ये मिळतो आणि पानांवर अवरक्त किरणांचा मारा कमी होतो. त्यामुळे पान हवेपेक्षा अंशभर थंडही राहू शकतं. म्हणून सोडियमच्या जुन्या दिव्यांखाली जमलेलं तापमान एलईडीखाली जसंच्या तसं ठेवलं की वाढ रेंगाळते आणि माणूस खताला दोष देत बसतो.

आता एसी आणि रात्र. सल्ल्यात या दोन वेगळ्या ओळी आहेत, पण दुखणं एकच आहे.

तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच अशी खोली घ्या. म्हणजे जवळपास २५ घनमीटर हवा. २४ अंशांवर ही सगळी हवा शंभर टक्के ओली करायला किती पाणी लागेल? जेमतेम अर्धा लिटर. हा आकडा मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी दोनदा गणित करून पाहिलं. आर्द्रता ६० टक्के असेल तर त्यातलं तीनशेहून अधिक ग्रॅम आधीच हवेत आहे, म्हणजे पेलाभर पाण्याचीच जागा उरली. आणि आपण त्या खोलीत रोज पाच-दहा लिटर पाणी ओततो! झाडाच्या अंगात त्यातलं फारच थोडं राहतं. निचऱ्यातून गेलेलं सोडलं तर जवळजवळ सगळं पानांतून आणि कुंड्यांतून वाफ होऊन हवेत येतं.

दिवसा हे खपून जातं, कारण दिव्यांची उष्णता काढायला कॉम्प्रेसर चालूच असतो. एसीच्या आतल्या थंडगार नळ्यांवर (कॉइलवर) वाफेचं पाणी होतं आणि नळीतून बाहेर जातं. पण एसी तापमान बघून चालतो, पाणी बघून नाही. दिवे विझले की उष्णता संपते, खोली २४ च्या खाली येते, कॉम्प्रेसर थांबतो. पाणी काढणारं एकमेव यंत्र नेमकं तेव्हाच गप्प होतं. त्यातून आतला पंखा फिरत राहिला तर कॉइलवर साठलेलं पाणी पुन्हा हवेत उडतं.

इकडे खोली गार होत जाते. २४ अंशांवर ६० टक्के असलेली हवा १८ अंशांवर आली, तर वाफेचा एक थेंबही न वाढता आर्द्रता ८७ टक्क्यांच्या आसपास पोचते. वर झाडांचं बाष्प रात्री कमी होतं, थांबत नाही, आणि ओल्या कुंड्या तर झोपतच नाहीत. पहाटे सर्वांत गार कोपऱ्यातल्या पानांवर दव धरतं. करड्या बुरशीला एवढंच हवं असतं.

म्हणून ‘दिव्यांबरोबर सगळं बंद’ हा या सल्ल्यातला सर्वांत महागात पडणारा भाग आहे. दिवे गेल्यावर आर्द्रता बघून चालणारा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं यंत्र, लागतो. त्याचीही एक खोड लक्षात ठेवा: तो खोली तापवतो. एक लिटर वाफेचं पाणी होताना सुमारे ०.६८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता सुटते, शिवाय तो स्वतः खातो ती वीज. दिवसा हे ओझं एसीवर पडतं, पण रात्री हीच ऊब उपयोगी ठरते, कारण तापमान फार कोसळत नाही. शेवटचं पाणी दिवे जाण्याच्या दोन-तीन तास आधी द्यायचं, पाण्याची टाकी झाकायची आणि दिवस-रात्रीतला फरक तीन-चार अंशांत ठेवायचा. याला जवळजवळ काही खर्च नाही.

‘६० टक्के धरून ठेवा’ हे ऐकायला नेमकं वाटतं, पण तापमान सांगितल्याशिवाय त्या ६० ला अर्थ नाही. झाडाला जाणवते ती हवेची तहान, म्हणजे हवेत अजून किती वाफ मावेल ते. आर्द्रता ६० टक्केच ठेवून तापमान बदललं, तर ही तहान (ती वाफेच्या दाबात मोजतात) २० अंशांवर ०.९३ किलोपास्कल, २४ वर १.१९ आणि ३० वर १.७० असते. कोवळ्या रोपाला पहिलीसुद्धा जरा जास्तच होते, तर ३० अंशांवर मोठं झाडही पानांची छिद्रं मिटायला लागतं. उलट हवा फार ओली असली की झाड पाणी ओढत नाही, पाण्याबरोबर जाणारं कॅल्शियम आतल्या कोवळ्या पानांपर्यंत पोचत नाही आणि लेट्यूसच्या कडा जळतात. माझे वाफे असेच गेले.

आणि बुरशी म्हणजे एकच प्राणी नव्हे. भुरीला, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीला, पानावर पाणी लागतच नाही, उलट पानावर पाणी साचलं तर तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. तापमान-आर्द्रतेच्या मीटरवर ६० दिसतंय म्हणून भुरी येणार नाही, असं समजू नका.

पंख्याने खोली थंड होत नाही, मोटरच्या वॅटइतकी गरमच होते. तो हवा ढवळतो, पानाला चिकटलेला ओला थर मोडतो, म्हणून तो हवाच, पण थंडाव्यासाठी नाही. बंद खोलीत कूलर तर उष्णतेची फक्त वाफ करतो. खिडकी उघडी नसेल तर तो ह्युमिडिफायरच, म्हणजे हवा ओली करणारं यंत्रच, समजा. हवा बाहेर फेकणारा पंखा मात्र खरं काम करतो: खोली बाहेरच्यापेक्षा तीनच अंश गरम राखून ६०० वॅट उष्णता काढायची, तर तासाला सुमारे ६०० घनमीटर हवा बदलावी लागते. बाहेरच्या हवेपेक्षा गार खोली त्याने कधीच होणार नाही.

हे सगळं मीटरवर अवलंबून, आणि मीटर दिव्याखाली उघडा टांगलेला असला तर तो दिव्याचंच तापमान सांगतो. झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर, सावलीत, वारा लागेल असा ठेवा. त्याआधी एकदा तपासा: झाकणात मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, मीटरसोबत घट्ट डब्यात दिवसभर ठेवा. २५ अंशांच्या आसपास आकडा ७५ यायला हवा. माझा ६८ दाखवत होता.