मशेरीच्या ‘फायद्यां’चा मेसेज आणि गरोदर बायका

‘आजीबाईंची मशेरी, विसरलेलं दंतमंजन’ या मथळ्याचा एक मेसेज सध्या नात्यागोत्यातल्या ग्रुपवर फिरतो आहे. मशेरी आयुर्वेदिक आहे, भाजल्यावर तंबाखूतलं विष जळून जातं, हिरड्या घट्ट होतात, पोट साफ होतं, गरोदरपणातल्या उलट्या थांबतात, असं त्यात लिहिलंय. टूथपेस्ट कंपन्यांनी तिला बदनाम केलं, खरंच वाईट असती तर सरकारने तंबाखू बंद केली नसती का, असंही आहे. खाली ‘दहा जणींना पाठवा’. माझ्या मामेबहिणीला पाचवा महिना आहे. तिला हा मेसेज तीन बाजूंनी आला आणि तिने सासूबाईंच्या डबीतली मशेरी रोज सकाळी लावायला सुरुवात केली. मला राहवलं नाही.

उलट्यांचा मुद्दा आधी घेते, कारण बाकी सगळं थांबू शकतं, बाळंतपण थांबत नाही. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती हिरड्यांवर चोळली की निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तरातून थेट रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला मिळणारं रक्त कमी पडतं. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा प्रसूतीपर्यंत पाठपुरावा करून प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. धूर न काढता, चघळून किंवा चोळून वापरायच्या तंबाखूची सवय असलेल्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी जन्मली. बत्तीस आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याची शक्यता त्यांच्यात जवळजवळ पाचपट निघाली. त्या बायकांमध्ये सर्वांत जास्त सवय मशेरीचीच होती, म्हणून हा अभ्यास आपल्या घराबद्दल आहे, कुठल्या परक्या देशाबद्दल नाही.

१०५ ग्रॅमने काय बिघडतं, असं एका मावशींनी मला विचारलं. मावशी, ही सरासरी आहे. ज्या घरात आईच्या अंगात आधीच रक्त कमी, ताटात आधीच कमी, तिथे तेवढ्याने बाळ अडीच किलोच्या खाली जातं. आणि गोष्ट वजनावर संपत नाही. त्याच बायकांच्या नोंदींवरून २००६ साली दुसरा लेख आला. तंबाखू न वापरणाऱ्या बायकांमध्ये शंभरात सुमारे तीन बाळं मृत जन्मली, वापरणाऱ्यांमध्ये सुमारे नऊ. हे आकडे वाचल्यावरही कुणाला तो मेसेज पुढे पाठवावासा वाटत असेल, तर मला त्या माणसाशी वाद घालायचा नाही, फक्त त्याने माझ्या बहिणीला पाठवू नये.

बरं, उलट्या तरी थांबतात का? पहिल्यांदा तंबाखू लागली की गरगरतं, उमासे येतात, हे आपल्याकडे कुणालाही विचारा. मळमळ वाढवणारी वस्तू मळमळीवर औषध कशी होईल? बहुतेक बायकांच्या उलट्या चौथ्या-पाचव्या महिन्यात आपोआप कमी होतात. त्याच सुमाराला मशेरी सुरू केली की श्रेय तिला मिळतं आणि तोवर सवय जडलेली असते. फारच त्रास असेल तर गरोदरपणात चालणारी औषधं डॉक्टर देतात. त्यासाठी सासूबाईंची डबी लागत नाही.

आयुर्वेदाचं एका वाक्यात संपतं. तंबाखू मुळात अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली, आणि अकबराच्या दरबारात ती १६०४च्या सुमारास त्याचा दूत असद बेग याने विजापूरहून नेली. चरक-सुश्रुतांच्या काळात ती या देशात नव्हतीच.

भाजल्यावर विष जळतं म्हणे. मग एक दिवस मशेरी मिळाली नाही की डोकं का चढतं, चिडचिड का होते? निकोटिन उरलेलं असतं म्हणूनच. उलट भाजताना बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूर न काढता वापरायची तंबाखू माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे, मुख्यतः तोंडाच्या कर्करोगासाठी.

दात आणि पोटाबद्दल थोडं मान्य करावं लागेल. निकोटिनने ठणका काही वेळ बोथट होतो, आणि आतड्यांची हालचालही वाढते. बिडी ओढल्याशिवाय परसाकडला होत नाही म्हणणारे आजोबा खोटं बोलत नव्हते. पण ठणका दबला तरी कीड आत चालूच राहते. हिरड्या घट्ट वगैरे काही होत नाहीत, जिथे रोज चोळता तिथे त्या मागे सरकतात, दातांची मुळं उघडी पडतात. आणि पोट मशेरीवर अडून बसलं की तिच्याशिवाय साफ होईना.

राहिल्या टूथपेस्ट कंपन्या. त्यांच्यातल्याच काही पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालून विकत होत्या! केंद्र सरकारने १९९२ साली त्यावर बंदी घातली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

सरकार सगळीच तंबाखू बंद करत नाही, हे खरं आहे आणि मला त्याचा राग आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो टपरीवर मिळतो, तेही खरं. पण सरकार विकू देतं म्हणून वस्तू निर्धोक ठरत नाही. कराच्या पैशाचं म्हणाल, तर २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांनी आणि अकाली मृत्यूंनी देशाचं १ लाख ७७ हजार कोटी रुपयांचं नुकसान झालं. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्कातून आदल्या वर्षी त्याच्या १२ टक्क्यांइतकेच पैसे आले होते. उरलेलं कुणी भरलं? ज्यांच्या घरात आजारपण आलं त्यांनी, मंगळसूत्र गहाण ठेवून, म्हशी विकून.

ज्या बायका आधीपासून लावतात त्यांना घालूनपाडून बोलू नका. त्यांच्यापैकी कितीतरी जणींना लहानपणी आईनेच बोटावर दिली होती, आणि तलफ एका दिवसात जात नाही. १८००-११२-३५६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे, तंबाखू सोडायला तिथे मदत मिळते. माझ्या बहिणीने तपासणीच्या वेळी डॉक्टरांना मशेरीचं स्पष्ट सांगायचं, हे आमचं ठरलं आहे. सासूबाईंशी मी बोलणार आहे. मेसेज पाठवणाऱ्या तिघींना हे लिहिलेलं सगळं पाठवते आहे, दहा जणींना पुढे पाठवायचं असेल तर हे पाठवा.