वीजबचत थोतांड वाटत असेल, तर आधी गच्चीवर चढून या

एप्रिल लागला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर थोडा इकडेतिकडे होतो, पण गाभा असा: इमारतींच्या वीजबचतीच्या नावाखाली विद्यापीठं पेपर छापतात आणि महापालिका छतांना, शिवाय आपल्यालाही, चुना लावतात. छत पांढरं करून दोन-तीन अंशांचा फरक पडतो, त्यानं काय होतंय? आता घरोघरी सोलर येतंय, मग बचत कशाला? असल्या नियमांनी फ्लॅट तेवढे महाग होतात. आणि मुळात महापालिकेनं पाणी-रस्ते बघावेत, प्राध्यापकांनी वर्गावर जावं.

चुन्याची कोटी चांगली आहे. बाकीचं पटत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘दोन-तीन अंशांनी काय होतंय?’

मे महिन्यात दुपारी तीनला गच्चीवर अनवाणी उभं राहून बघा. राखाडी कोबा उन्हाचा मोठा भाग पिऊन घेतो. ताजा पांढरा थर त्यातला बराचसा आल्या वाटेनं परत पाठवतो. पण खरी गंमत पुढे आहे. पाच-सहा इंचांचा स्लॅब तापायला वेळ लागतो, तसाच निवायलाही. दुपारी वरून शिरलेली उष्णता संध्याकाळी सात-आठनंतर छताच्या खालच्या बाजूनं खोलीत उतरायला लागते. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत माणसं तव्याखाली झोपल्यासारखी. ‘पंखा गरम हवा फेकतो’ अशी वरच्या मजल्यावरच्या लोकांची तक्रार असते. पंख्याचा त्यात काही दोष नसतो, तो छताजवळची तापलेली हवा खाली ढकलत असतो.

हा फरक मोजलेला आहे. हैदराबादच्या आयआयआयटीनं आणि कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं मिळून हैदराबादमधल्या वापरात असलेल्या वातानुकूलित इमारतींवर मोजमापं घेतली. ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. आधी काळं असलेलं छत पांढरं केल्यावर छताच्या दर चौरस मीटरमागे वर्षाला २० ते २२ युनिट वाचतात आणि थंडाव्यासाठी लागणारी वीज १४ ते २६ टक्क्यांनी कमी होते, असं त्यात निघालं. साध्या काँक्रीटच्या छतासाठी हिशेब १३ ते १४ युनिटांचा आला. आता ५५ चौरस मीटरचा फ्लॅट धरून हा आकडा गुणून कुणी वर्षाला सातशे-साडेसातशे युनिटांची बचत जाहीर करेल, तर त्यालाही थांबवायला हवं. ती दिवसभर एसी चालणाऱ्या इमारतींची मोजमापं आहेत. ज्या घरात एसी नाही, तिथे फरक बिलात फारसा दिसणार नाही. तो झोपेत दिसेल.

आणि काही घरांत प्रश्न झोपेच्याही पुढचा असतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात दिसून आलं. त्यानंतर अहमदाबाद महापालिकेनं गांधीनगरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ आणि इतर संस्थांना बरोबर घेऊन २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला. २०१७ मध्ये वस्त्यांमधल्या सुमारे तीन हजार छतांना चुना लावला. पत्र्याच्या खोलीत दुपारी बाळंतीण किंवा म्हातारं माणूस असतं. तिथे दोन-तीन अंश म्हणजे काय, हे नाशिक रोडच्या किंवा अकोल्याच्या पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना विचारा. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यावर बहुतेक सात मजले असावेत.

त्याच्या बाजूनं दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. चौदा मजली टॉवरच्या तिसऱ्या मजल्याला पांढऱ्या गच्चीचा काही उपयोग नाही. आणि नुसता चुना एका पावसाळ्यात धुपतो, उरलेला धुळीनं मळतो, त्यामुळे तो दर उन्हाळ्याआधी लावावा लागतो. ज्यांना ही दरवर्षीची कटकट नको, त्यांच्यासाठी ब्रिकबॅट कोब्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक हा जुना इलाज आहेच. गच्ची गळती म्हणून वॉटरप्रूफिंगचं काम काढलेलंच असेल, तर टाइल्स रंगीबेरंगी न घेता पांढऱ्या घ्या, एवढंच कॉन्ट्रॅक्टरला सांगायचं असतं.

‘सोलर आलंय, आता बचत कशाला?’

हा मुद्दा वरवर सर्वांत बिनतोड वाटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, बंगल्याच्या मालकाचं बिल खरंच शून्याच्या आसपास येतं.

पण टॉवरचा हिशेब करून बघा. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर मोकळी गच्ची लागते. साठ फ्लॅटना प्रत्येकी तीन किलोवॅट द्यायचे, तर अठराशे चौरस मीटर हवेत. मजल्यावर चार फ्लॅट असलेल्या पंधरा मजली इमारतीची गच्ची चार-पाचशे मीटरची असते. त्यातून लिफ्टची खोली, पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि टाक्यांची सावली वजा करा. उरलेल्या जागेत कॉमन लाइट, पंप आणि लिफ्ट चालली तरी कमिटीची पाठ थोपटावी.

दुसरी अडचण घड्याळाची. स्लॅबची उष्णता खोलीत उतरते रात्री, एसी चालतात रात्री, आणि पॅनल तेव्हा झोपलेले असतात. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे दिवसा ग्रिडला दिलेली वीज बिलातून वळती होत असल्यानं, कागदावर वजाबाकी होते, पण रात्री अकराची वीज बऱ्याच अंशी कोराडी-चंद्रपूरच्या कोळशावरच्या संचांतून येते. भिंती आणि छत उष्णता आत येऊ देत नसतील, तर ती मागणी मुळातच उभी राहत नाही. २०१९ च्या केंद्राच्या कूलिंग ॲक्शन प्लॅनचा अंदाज आहे की २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची थंडाव्याची गरज आठपट होईल. तेवढी वीज नुसती पॅनल वाढवून रात्री मिळणार नाही.

सोलर लावाच. पॅनलच्या सावलीनं गच्चीही कमी तापते. पण ७५ वॉटचे जुने पंखे फिरवायला पॅनल विकत घेण्याआधी ३० वॉटच्या आसपास चालणारा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा लावणं स्वस्त पडतं.

‘नियमांनी फ्लॅट महाग होतात’

कुठल्या नियमांनी, हे मेसेजमध्ये नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी, २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली. ती मॉल, ऑफिसं, हॉटेलं अशा व्यावसायिक इमारतींसाठी आहे, आणि तीही १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या (जोडभार म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार). तुमच्या टू बीएचकेचा तिच्याशी संबंध नाही.

घरांसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. तिच्यात काय मागितलंय ते बघण्यासारखं आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला १५ वॉटच्या आत ठेवा, ही एक अट. दुसरी, उघडता येणारी खिडकी पुरेशी द्या. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत घराच्या चटई क्षेत्राच्या १६.६६ टक्के भाग उघडता आला पाहिजे, म्हणजे शंभर चौरस फुटांमागे जवळपास सतरा फूट. आता आपल्या बेडरूमची खिडकी मोजा. पाच बाय चारची सरकती खिडकी कागदावर वीस फूट असते, पण एक काच दुसरीमागे सरकते आणि प्रत्यक्षात उघडतात दहाच फूट. उरलेल्या दहा फुटांतून ऊन येतं, वारा येत नाही. तीच खिडकी बिजागरीची केली आणि वर दोन फुटांचा छज्जा ओढला, तर त्यात कुठलं परदेशी तंत्रज्ञान आलं? आपल्या आजोबांच्या पिढीतले गवंडी छज्ज्याशिवाय खिडकी सोडत नसत. महाग पडते ती दर्शनी काच. ती कुठल्याही वीजबचतीच्या नियमानं आलेली नाही, ब्रोशरमधल्या फोटोसाठी आलेली आहे.

‘हे महापालिकेचं आणि प्राध्यापकांचं काम नाही’

बांधकामाचा नकाशा मंजूर कोण करतं? ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे, संहिता केंद्र काढतं, राज्य लागू करतं, पण ती बांधकाम नियमावलीत उतरून नकाशा मंजूर करणाऱ्या टेबलावर पोचली नाही तर पुस्तकातच राहते. ते टेबल महापालिकेचं आहे. मुंबईच्या हवामान कृती आराखड्यात २०१९ मधल्या शहराच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची मोजदाद आहे. त्यात ७१ टक्के वाटा ऊर्जेचा, मुख्यतः इमारतींत लागणाऱ्या विजेचा आणि इंधनाचा. वाहतुकीचा २० टक्के. शहराचा धूर मोजायचा तर इमारतींना वगळून चालणार नाही.

प्राध्यापकांचं म्हणाल, तर ऑफिसातला एसी २२ वर हवा की २६ वर, हा वाद आपण वर्षानुवर्षं अमेरिकन मानकांवर सोडवत होतो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं अहमदाबाद, दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि सिमला इथल्या ऑफिसांत जाऊन माणसांना विचारलं, सोबत तापमान मोजलं, सहा हजारांवर उत्तरं गोळा केली. इथली माणसं बरंच जास्त तापमान आरामात सोसतात, असं निघालं, आणि ते मापन २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत गेलं. वर्गाबाहेर पडल्याशिवाय हे होत नाही.

महापालिकांवर राग काढायचाच असेल, तर जागा वेगळी आहे. पुण्यात सौर, पर्जन्यजल किंवा गांडूळखत यांपैकी एक केलं तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन केली तर १० टक्के सवलत मिळते. २०२० च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ग्रीन रेटिंग, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याचं मानांकन, मिळवणाऱ्या इमारतीला ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी आहे. म्हणजे बक्षीस बिल्डरला मिळतं, आणि इमारत पाच वर्षांनी किती वीज खाते ते तिथे राहणाऱ्यांना कुणी सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये २५ हजार चौरस फुटांवरच्या इमारतींना २०२० पासून आपली ऊर्जाश्रेणी ए, बी, सी, डी अशी दर्शनी दारावर लावावी लागते. घर बघायला आलेला माणूस आत शिरण्याआधी ती वाचतो.

आपल्याकडे याची सुरुवात महापालिकांच्या मुख्यालयांपासून आणि विद्यापीठांच्या आवारांपासून करता येईल. मीटर लागलेलेच आहेत, बिलं लेखा विभागात आहेत, क्षेत्रफळ मालमत्ता विभागाला माहीत आहे. वर्षाच्या युनिटांना क्षेत्रफळानं भागायचं आणि उत्तर प्रवेशद्वारावर चिकटवायचं.